तेवीस वेळा धन्यवाद

आमच्या कालव्यावर एकामागे एक तीन पूल आहेत. मधला वीब्रनचा, त्याच्या पुढचा माझा. पूल उचलला की रेडिओवर 'वर' म्हणायचं, टेकवला की 'खाली', म्हणजे पुढच्याला कळतं की होड्या निघाल्या आणि त्याने तयारीला लागावं. एप्रिल ते ऑक्टोबर दिवसातून तीस-चाळीस वेळा हे दोन शब्द आम्ही एकमेकांना देतो. एकोणीस वर्षांत वीब्रनशी माझं जे बोलणं झालं, त्यातलं बहुतेक एवढंच होतं.

नऊ मेला सकाळी दहाच्या सुमारास त्याचा 'वर' आला आणि मग काहीच आलं नाही.

पाच मिनिटं मी वाट पाहिली. होड्या माझ्या दिशेने येताना लांबून दिसत होत्या, म्हणजे त्याच्याकडचं पाणी मोकळं झालं होतं. रेडिओवर हाक मारली, उत्तर नाही. माझा पूल खालीच ठेवून मी सायकल काढली. वाऱ्याविरुद्ध दोन किलोमीटर. लांबूनच त्याच्या पुलाचं पान, म्हणजे वर उचलला जाणारा भाग, आकाशात उभं दिसत होतं, आणि दोन्ही बाजूंच्या अडसरांपाशी माणसं. आमच्याकडची माणसं पुलापाशी थांबायला सरावलेली असतात, पण आता सायकलींच्या घंट्या वाजत होत्या. खाटीक खालून ओरडत होता, "वीब्रन, वर कॉफी उकळतोयस का रे?"

पुलावरच्या खोलीत वीब्रन बटणांच्या फळीसमोर उभा होता. उजवा हात हिरव्या बटणाच्या वर बोटभर अंतरावर थांबलेला. चेहरा शांत, जरासा हसराच, दुकानात गिऱ्हाइकाकडे पाहून हसावं तसा. मी त्याच्या हाताखालून हात घालून बटण दाबलं. पान खाली आलं, अडसर उघडले, लोक पांगले. चौदा मिनिटं झाली होती. वीब्रन माझ्याकडे वळून म्हणाला, "धन्यवाद."

त्यानंतर त्याचं हृदय तपासलं, डोकं तपासलं, रक्त तपासलं. कशात काही निघालं नाही. कालव्याच्या खात्याने मात्र त्याला पुलावरून उतरवलं. तीनही पूल शहरातल्या एका खोलीत बसून कॅमेऱ्यांवरून चालवायचे, हा बेत खात्याच्या टेबलावर दोन वर्षं पडूनच होता. साहेबांनी सरळ सांगितलं: हंगाम संपायच्या आत तपासनिसासमोर पूल चालवून दाखवायचा, नाहीतर पुढच्या एप्रिलपासून त्याच्या खोलीला कुलूप. वीब्रन तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. त्याचे वडीलही त्याच खोलीत बसायचे. दुसरं काही काम त्याने कधी मनात आणलं नव्हतं.

खात्याच्या डॉक्टरने त्याला रुलोफ्सबाईंकडे पाठवलं. थोड्या मुदतीचं समुपदेशन. दर मंगळवारी एक तास, असे सोळा तास. तास म्हणायचं, असतात पंचेचाळीस मिनिटं.

पुढचं त्यानेच मला सांगितलं, त्या हिवाळ्यात आम्ही दोघं पुलांना रंग देत होतो तेव्हा, ब्रश चालवता चालवता, तुकड्यातुकड्याने.

पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, तुम्हाला काय हवंय. तो म्हणाला, पूल खाली आणता यायला हवा. आणि सोळा तास जरा जास्तच होतील, पुलाला तीन मिनिटं लागतात. बाई हसल्या नाहीत, पण वहीत काहीतरी लिहिलं. मग त्यांनी विचारलं की मध्यरात्री अडचण आली तर तुम्ही कुणाला उठवाल? तो म्हणाला, आन्केला, म्हणजे बायकोला. दारू किती? शनिवारी दोन ग्लास बिअर. जीव द्यावासा वाटतो का? नाही. शेवटचं कधी रडलात? त्याला आठवेना. मी एखाद्या दिवशी तुम्हाला लागेल असं बोलले, तर पुढच्या मंगळवारी परत याल? तो म्हणाला, येईन की, मंगळवार आहे म्हटल्यावर येणारच.

हे प्रश्न कशासाठी, असं त्याने विचारलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "हे काम सगळ्यांसाठी नाही. ज्याच्या पायाखालची जमीनच सरकतेय, जो रोज पितो किंवा रोज मरणाचा विचार करतो, त्याला सोळा तासांत उकरायला घेणं म्हणजे क्रूरपणा आहे. त्याला जास्त काळ सोबत लागते, मी त्याला तशा माणसाकडे पाठवते. तुमचं एका जागी अडलंय. घरी माणूस आहे. आणि हात का थांबला, याचं तुम्हाला नवल वाटतंय. वाटतंय ना?"

वीब्रन म्हणाला, वाटतंय. नऊ मेपासून दुसरा विचारच नाही.

"मग पुरे. जुनी गाठ इथे, आपल्या दोघांमध्येही पुन्हा बसेल. तशी बसली की बोलायचं." आणि त्यांनी एका चिठ्ठीवर शेवटच्या तासाची तारीख लिहून त्याच्या हातात दिली. सात ऑक्टोबर. अजून पहिला तास संपला नव्हता.

जून गेला. तो पुलाबद्दल बोलायचा, बाई घरच्यांबद्दल विचारायच्या. पाचव्या तासाला त्यांनी विचारलं की नऊ मे या तारखेला आणखी काही असतं का. तो म्हणाला, नाही. मग म्हणाला, येल्लेचा वाढदिवस असायचा.

येल्ले त्याचा थोरला भाऊ. चौदाव्या वर्षी रक्ताच्या आजाराने गेला, तेव्हा वीब्रन बारा वर्षांचा होता. हे त्याने बाईंना हवामानाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं. त्याच ओघात हेही सांगितलं की जानेवारीत आन्केने नवं वाढदिवसांचं कॅलेंडर आणलं होतं. आमच्याकडे प्रत्येक घरात ते संडासात टांगलेलं असतं, दाराच्या आतल्या बाजूला. वार नसतात त्यावर, नुसत्या तारखा आणि नावं, त्यामुळे एक कॅलेंडर वीस-वीस वर्षं चालतं. जुनं ओलीने कुजलं होतं. आन्के टेबलाशी बसून नावं उतरवून घेत होती. मेपाशी थांबून तिने विचारलं, "येल्लेचं लिहू ना?" तो म्हणाला, "राहू दे. कशाला. पण विचारलंस, धन्यवाद."

बाई म्हणाल्या, वेळ झाली. तोही उठला, हात मिळवला, आभार मानले. दर मंगळवारी मानायचा.

ऑगस्टमध्ये बाई तीन आठवडे सुट्टीवर गेल्या. इथे सगळेच जातात, तंबू घेऊन, दक्षिणेकडे. सव्वीस ऑगस्टला दहावा तास होता आणि त्या दिवशी बाई दहा मिनिटं उशिरा आल्या. वाटेत एक पूल उघडा होता. वीब्रन बाहेर बाकावर बसला होता. तो म्हणाला, काही हरकत नाही, चूक आम्हा पूलवाल्यांची. आत जाऊन बसला आणि म्हणाला, "आलात. धन्यवाद."

बाईंनी वही उघडली नाही. त्या म्हणाल्या, "तीन आठवडे मी नव्हते. आज तुम्हाला बाहेर बसवून ठेवलं. आणि तुम्ही माझे आभार मानताय. कशाबद्दल?"

तो म्हणाला, असंच, बोलायची पद्धत असते.

"मी विचारतेय, कशाबद्दल?"

तो सांगत होता, त्या खोलीत एक घड्याळ होतं आणि ते आवाज करतं हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि मग त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला, वाटलं त्यापेक्षा मोठा. "तुम्हाला काय ऐकायचंय? की मी इथे येऊन गेलो? गेलो. दोन मंगळवार. तुम्ही नाही हे ठाऊक होतं, तरी सायकल काढून आलो, बंद दार बघितलं आणि घरी गेलो. आन्केला सांगितलं, छान झाला तास. तुम्ही तिकडे उन्हात बसला होता. आणि मी इथे दारासमोर, वेड्यासारखा."

तो उभा राहिला होता. बाई बसूनच होत्या. घाबरल्या नाहीत, माफीही मागितली नाही. हलक्या आवाजात म्हणाल्या, "ऐकलं मी. हे असं, याआधी कुणाला बोलायचं राहून गेलं?"

मग ते बाहेर आलं.

येल्लेला शनिवारी पुरलं. पुढच्या बुधवारी आईचा वाढदिवस होता. यावं की न यावं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. प्रत्येकाच्या संडासात आईचं नाव होतं आणि बुधवार उजाडला होता, म्हणून सगळे आले. फुलं घेऊन आले. आईने कॉफी करून ठेवली होती. खुर्च्या गोल मांडल्या होत्या, नेहमीसारख्या. आणि आमच्या रीतीप्रमाणे जो येईल तो नुसतं वाढदिवसवाल्याचंच नव्हे, घरातल्या एकेकाचं अभिनंदन करत गोल फिरला. काका, आत्या, शेजारी, शाळेचे मास्तर. बारा वर्षांच्या वीब्रनचा हात हातात घेऊन प्रत्येक जण म्हणाला, "आईच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन." आणि तो म्हणाला, "धन्यवाद." त्याने मोजले. तेवीस जण होते. येल्लेच्या खुर्चीवर आत्या बसली.

"आई डबा फिरवत होती," तो बाईंना म्हणाला. "बिस्किटांचा. एकेकाने एक घेतलं की झाकण लावायची, पुढच्यापाशी उघडायची. तेवीस वेळा उघडला, तेवीस वेळा लावला. मला तो डबा तिच्या हातातून घेऊन खिडकीतून फेकायचा होता. तिला म्हणायचं होतं, हाकलून दे सगळ्यांना. आणि मी तिथे उभा, नऊ मेला पुलावर उभा होतो तसाच, धन्यवाद, धन्यवाद."

एवढं बोलून तो बसला आणि रडू लागला. चव्वेचाळीस वर्षांचं रडू, पण फार वेळ चाललं नाही. मधेच त्याला ते झाकण दिसलं, प्रत्येक बिस्किटामागे लागणारं, आणि रडता रडता हसू फुटलं. बाईही हसल्या. त्याने त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर सगळं सोपं झालं असं नाही. सप्टेंबरभर तो घरी चिडचिडा होता. आन्के मला एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "इतकी वर्षं देवमाणूस होता, आता माणूस झालाय. कपाटं आपटतो." पण तक्रार करताना तिचा चेहरा उजळलेला होता. त्या दिवसांत तो एकदा गावाबाहेरच्या दफनभूमीत जाऊन आला, एकटा.

चौदाव्या तासाला त्याने बाईंकडे आणखी चार तास मागितले. तपासणी सोळा ऑक्टोबरला होती, तोवर तरी. बाई म्हणाल्या, सात ऑक्टोबर.

तो म्हणाला, हा दुष्टपणा आहे.

"कदाचित," बाई म्हणाल्या. "येल्लेच्या वेळी तुम्हाला कुणी तारीख सांगितली नव्हती. या वेळी तुमच्या हातात आहे. उरलेले दोन तास रागावून या, वाईट वाटत असेल तर तसे या. पण या."

तो गेला. एकदा रागावून, एकदा नुसताच. शेवटचा तास संपला. दारात हात मिळवला आणि तो सायकलवर बसला. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की आज आभार मानायचे राहिले. त्याने ब्रेक लावला, एक पाय जमिनीवर टेकवला. परत जावं का? मग त्याला वाटलं, राहू देत. बाईंना चालेल. बीटच्या शेतांवर धुकं होतं, आणि तो तिथे रस्त्याच्या कडेला उभा राहून, त्याच्याच शब्दांत, चांगला पोटभर श्वास घेत होता.

त्या संध्याकाळी त्याने आन्केकडे पेन मागितलं आणि संडासात गेला. बाहेर येऊन म्हणाला, लिहिलं. ती म्हणाली, "मी तेव्हाच विचारलं होतं ना?"

"विचारलं होतंस. आणि मी तुला धन्यवाद म्हणालो होतो."

सोळा ऑक्टोबरला वारा होता. तपासनीस सकाळी नऊला त्याच्या खोलीत जाऊन बसला, पाय पसरून, मांडीवर कागद घेऊन. मी माझ्या पुलावर होतो. हंगाम उतरणीला लागलेला, होड्या कमी. साडेनऊपर्यंत एकही आली नाही. मी रेडिओचा आवाज पूर्ण वाढवून ठेवला होता. उगाच खिडकीची काच पुसली, दोनदा.

नऊ बेचाळीसला आवाज आला. "वर."

मी घड्याळाकडे बघू नये असं ठरवलं होतं, पण बघत राहिलो. एक मिनिट. एक लांब शिडाची होडी होती, ते त्याने नंतर सांगितलं, म्हातारं जोडपं, सावकाश चाललेलं. दोन मिनिटं. तपासनिसाने कागदावरून मान वर केली, हेही नंतर सांगितलं. होडी निघून गेली, पाणी मोकळं झालं. त्याने हात बटणावर नेला आणि हात थांबला. क्षणभरच. त्याच्या मनात येल्ले आला, सायकलवर, मागे वळून बघणारा. या वेळी त्याने त्याला येऊ दिलं. मग बटण दाबलं.

तीन मिनिटं दहा सेकंदांनी रेडिओ खरखरला.

"खाली," वीब्रन म्हणाला. आणि थोडं थांबून, जे आम्ही कधीच म्हणत नाही ते म्हणाला, "खाली आला रे."

तपासनिसाने सही केली आणि विचारलं की कॉफी मिळेल का. वीब्रनने त्याला सांगितलं की मिळेल, पण स्वतः ओतून घ्यावी लागेल. दुसरी होडी दिसायला लागली होती.