टॉमच्या शेतातला शेंदरी दगड

आमच्या आप्पांनी आयर्लंडमधल्या एका थडग्याला शेंदूर फासला होता.

ते थडगं आहे हे आम्हाला कुठं माहीत होतं?

माहीत होतं एकट्या टॉमला. आणि टॉम परवा गेला.

टॉम म्हणजे आमचा शेजारी. पोर्टलीशच्या बाहेर आम्ही राहतो, आमच्या कुंपणापलीकडे त्याचं शेत. शेत म्हणजे नुसतं गवत आणि गुरं. लग्न केलं नाही, गुरांतच रमला. मी डॉक्टर, म्हणून मला कायम ‘डॉक’ म्हणायचा. मी ड्यूटीवरून यायच्या आत आमच्या गेटवर अंडी ठेवून जायचा.

काही वर्षांपूर्वी माझे वडील, आप्पा, जतहून इथं आले. सुट्टी मिळाली की मी त्यांना काउंटी दाखवायला न्यायचे. पडका किल्ला, पडकं चर्च, जुना दगडी क्रॉस. प्रत्येक ठिकाणी पार्किंग, तपकिरी बोर्ड, त्यावर इतिहास. मी बोर्ड वाचून मराठीत सांगायचे. आप्पा सगळं ऐकून घ्यायचे आणि एकच विचारायचे.

“हितं दिवा कोन लावतं?”

कोणी नाही आप्पा. कौन्सिल गवत कापतं.

“मग काय उपेग,” म्हणून गाडीत जाऊन बसायचे. माझं डोकं फिरायचं. एवढं पेट्रोल जाळून आणायचं, आणि यांचं हे!

एका सकाळी घरी आले तर आप्पा गायब.

इथं कपाटाला प्रेस म्हणतात. त्या प्रेसमधली तेलाची बाटलीही गायब. आणि मारुतीच्या फोटोसाठी जतहून आणलेली शेंदराची पुडीसुद्धा.

खिडकीतून बघते तर मंकी कॅप घालून आप्पा टॉमच्या शेतात, काटेरी झाडाखाली बसलेले. भोवती टॉमचे बैल गोळा झालेले. समोर गुडघाभर उंचीचा एक दगड.

भगभगीत शेंदरी.

गमबूट अडकवले आणि पळत सुटले. तोवर टॉमची चार चाकांची क्वाड बाइक तिथं पोचली होती. मला वाटलं, झालं, आता हा पोलिसांना बोलावणार. इथं जुन्या दगडाला हात लावायचा नसतो, कायदा कडक आहे.

मी सॉरी, सॉरी करत होते. टॉम ऐकतच नव्हता. त्या दगडाकडे बघत उभा होता.

आप्पा मात्र निवांत. मला म्हणाले, त्येला सांग, ह्यो म्हसोबा हाय, जनावरं राखतो, उघडा बरा दिसत नव्हता.

मी सांगितलं. दुसरं काय करणार?

टॉमनं टोपी काढली.

“देव नाही, डॉक. माझी बहीण आहे ती.”

मग त्यानं बाइकला टेकून सगळं सांगितलं. टॉमच्या आधी जन्मलेली. बाप्तिस्मा व्हायच्या आत गेली. अशा बाळांना तेव्हा चर्चच्या आवारात जागा देत नसत. वडिलांनी खोक्यात घालून तिला या जुन्या बांधाशी पुरलं आणि खूण म्हणून दगड लावला. आईला जागा कधीच सांगितली नाही. ती शेवटपर्यंत विचारत राहिली. शेत हातात देताना वडिलांनी ती जागा टॉमला दाखवली, आणि त्यानंही कुणाला सांगितली नव्हती. तो म्हणाला, मी गेलो की हे शेत पुतण्याकडे जाईल. तो डब्लिनचा, मशिन लावून बांध सपाट करेल. त्याला काय कळणार?

मी आप्पांना सांगत गेले.

आप्पांनी विचारलं, पोरीचं नाव काय?

नाव नव्हतं. बाप्तिस्माच नाही तर नाव कुठलं?

“आसं कसं? भाऊ हाय न्हवं ह्यो? मग ठेव म्हनावं नाव.”

बारशाला आत्या लागते ना आप्पा, मी म्हटलं. म्हणाले, हितं कुठली आत्या आणू आता, भाऊ चालंल.

आणि त्यांनी टॉमला करून दाखवलं. वाकायचं, कानाशी तोंड न्यायचं, हळू सांगायचं.

टॉम चिखलात गुडघे टेकून वाकला. दगडाला काहीतरी म्हणाला. आम्हाला ऐकू आलं नाही, आम्ही विचारलंही नाही. उठला तेव्हा गालाला शेंदूर लागला होता. आप्पांनी खिशातून काढून हातावर खोबरं ठेवलं, ते त्यानं खाल्लं आणि ‘ग्रँड’ म्हणाला, म्हणजे इथलं झकास.

दगड धुऊन देते म्हटलं, तर नको म्हणाला.

संध्याकाळी आप्पांनी मला डब्यातल्या चण्यांच्या घुगऱ्या करायला लावल्या. बारसं आहे म्हणे, घुगऱ्या नकोत?

आप्पा परत गेले. टॉम भेटला की आधी त्यांचीच चौकशी. पावसानं रंग उतरला की गेटवर येऊन उगाच घुटमळायचा. मग गावाकडून कुणी यायचं असलं की आप्पा पुडी पाठवायचे. ‘टॉमरावला दे.’

काल सकाळी गाडीत लोकल रेडिओ लावला. इथं रोज मृत्यूच्या बातम्या वाचतात, आधी गेलेल्या जवळच्यांच्या नावांसकट.

टॉमचं नाव आलं. मग त्याच्या आईवडिलांचं.

“आणि त्याची बहीण, नोरा.”

नोरा.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्येच रडले मी. आप्पांना फोन लावला, नाव सांगितलं. म्हणाले, चांगलं ठेवलंय.

संध्याकाळी टॉमच्या घरी अंत्यदर्शनाला गेले. पेटीत झोपलेला, स्वच्छ दाढी केलेला टॉम. लाईनमध्ये उभी राहून डब्लिनच्या पुतण्याशी हात मिळवला. त्यानं माझा हात सोडलाच नाही. म्हणाला, बांधाला हात लावणार नाही, असं काकांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय.

मग जरा अवघडून म्हणाला, “तो रंग कुठं मिळतो, ते तुम्हाला विचारायला सांगितलंय.”

घरात एक पुडी आहे. आज टॉमला पोचवून आलो की पुतण्याला शेतात नेते आणि तेलात कसा कालवायचा ते दाखवते.

टॉम, सावकाश जा.

नोराकडे आम्ही बघतो.