मुंग्या बहुधा पळतील

केमिकल पेटंटचे अर्ज तपासणं हे रुक्ष काम, असं लोकांना वाटतं. आमच्या सेक्शनमध्ये मात्र एकेका फायलीचे एवढे किस्से होतात की सांगता सांगता चहा गार होतो. ही फाइल मुंग्यांची.

अर्जदार लोधीखेड्याचे निवृत्त विज्ञान शिक्षक. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. दावा असा : संत्र्याच्या साली चुन्याच्या निवळीत उकळून केलेला, मुंग्या पळवणारा नवा काढा.

मी तिथून जवळच्याच सौंसरची. माझे साहेब, गजभिये, पांढुर्ण्याचे. मी म्हटलं, "साहेब, हे तर माझी आई करते."

"रिपोर्टाले आई जोडता येत नाही. छापील कागद आण."

*

कागद सापडला. शेतीची जुनी पुस्तिका. हाच काढा, हेच माप, पण फरशी पुसायला. मुंग्यांचा उल्लेखच नाही.

नियम असा की, अर्ज फेटाळायला जुन्या कृतीत तो गुण लिहिलेला नसला तरी चालतं. पण त्या कृतीतून तो दरवेळी येतोच, हे दाखवावं लागतं. मी लिहिलं, 'मुंग्या बहुधा पळतील.'

साहेबांनी चष्मा काढला. "बहुधा? मुंग्यायले विचारून सांगशील का?"

*

रविवारी सौंसरला गेले. आईनं काढ्यात हळूच कडुलिंबाचा पाला टाकला.

"आई, पुस्तिकेत पाला नाही."

"मंग लिहिणाऱ्याच्या घरी मुंग्या नसतील."

दुसऱ्या वेळी मी पातेल्याजवळच बसले. काढा अगदी पुस्तिकेबरहुकूम झाला. पण तोवर आईनं पाल्याच्या काढ्यानं सगळं घर पुसून टाकलेलं. मुंगी औषधालाही उरली नव्हती. मी वाटी घेऊन शेजारच्या काकूंकडे मुंग्या मागायला गेले.

काकू म्हणाल्या, "साखर मागतली असती तं समजलं असतं."

*

मग व्हिडिओवर सुनावणी. गुरुजी इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले, शेजारी त्यांचे वकील. वकील तयारीचे होते. म्हणाले, "पुस्तिकेप्रमाणे केलं तर मुंग्या कधी पळतील, कधी नाही. दरवेळी पळतातच, याला पुरावा काय?"

आमच्याकडे रिकाम्या वाटीशिवाय पुरावा नव्हता.

गुरुजींचा चेहरा मात्र पडला. "काय सांगून राहिले वकीलसाहेब? ते पुस्तिका माझ्याजवळबी आहे. जसंच्या तसं शंभरदा करून पाह्यलं मी. एकदाही मुंगी थांबली नाही."

वकिलांनी डोळे मिटले.

गुरुजी कॅमेऱ्याजवळ सरकले. "साहेब, हे लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं.