आंकूचा कारकून

ओलिएर तालार्मिन मला पहिल्यांदा नीट दिसले ते आमच्या फाटकाशी. सायकलला टेकून उभे होते, पँटीच्या पायांना कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. १९६३ चा नोव्हेंबर होता. त्याआधी पोस्टाच्या खिडकीमागे त्यांना शेकडो वेळा पाहिलं होतं, पण तिकिटं देणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे कोण बघतं? त्या दिवशी सायकलच्या कॅरिअरला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा बांधलेला होता. 

डबा कशाचा ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पोस्टाची नोकरी सांभाळून तालार्मिन आमच्या ब्रेटन भाषेचा कोश करत होते. फ्रिज, हेलिकॉप्टर, रक्तदाब, सगळं आपल्या भाषेत बोलता आलं पाहिजे म्हणायचे. नवा शब्द घडवायला जुना हाताशी लागतो, म्हणून म्हाताऱ्यांकडे जाऊन शब्द चिठ्ठ्यांवर उतरवून घ्यायचे. ज्यांचे दिवस थोडे राहिलेत त्यांच्याकडे आधी जायचे. त्यात चूक काहीच नव्हती. पण ते जाऊन आलेल्या घरातून महिन्याभरात शवपेटी निघायची. आमच्याकडे मृत्यू गाडी घेऊन येतो, त्याला आंकू म्हणतात. बेकरीत बायका तालार्मिनना आंकूचा कारकून म्हणायच्या.

"काल कुणाकडे होता गं तो?"

"केरेनोकच्या विधवेकडे."

"मग काळा झगा इस्त्री करून ठेव."

मी तेव्हा चोवीस वर्षांची, गावच्या शाळेत शिक्षिका. वीज कशी पडते ते मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवत होते. तरीही त्या दिवशी मी फाटकाची कडी लावून घेतली, कारण आत बाबा अंथरुणावर होते. चाळीस वर्षं त्यांनी समुद्रातलं शेवाळ कापलं, किनाऱ्यावरच्या भट्ट्यांत आयोडिनसाठी जाळलं, त्या धुरानं छाती गेली. आदल्या आठवड्यात डॉक्टर येऊन गेले, तेव्हा जमिनीकडे बघत बोलले होते.

आई फाटकापर्यंत गेली. "तालार्मिन, आमच्याकडे कुणी मरत नाहीये. वळवा सायकल."

"मी फक्त शेवाळाचे शब्द विचारायला आलोय, काकू."

"गेल्या महिन्यात सुताराला रंध्याचे विचारलेत. कुठाय सुतार?"

तालार्मिननी सायकल वळवायला घेतली. तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला, खोकल्यासकट. "कातेल, येऊ दे त्याला! पंधरा दिवस झाले, सगळे माझ्याशी कुजबुजतायत. हा निदान मोठ्यानं तरी बोलेल!"

मग ते रोज पोस्ट बंद झालं की यायचे. पहिल्याच दिवशी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवून म्हणाले, "तीनशे आणल्यात, काका. शेवाळाला पुरतील." प्रत्येक चिठ्ठीवर क्रमांक घातलेला.

"शेवाळ खडकाला ज्यानं धरून बसतं, त्याला काय म्हणतात तेही तुला ठाऊक नाही? आणि म्हणे कोश लिहितो!" बाबा म्हणाले.

"म्हणून तर तुमच्या पायाशी बसलोय."

बाबांनी शब्द सांगितला. तालार्मिननी तो लिहिला आणि भिंतीकडे बघत बसले. "दिव्याच्या वायरीचा प्लग असतो ना, त्याला हाच शब्द चालेल."

"माझं शेवाळ भिंतीत घालतोस, गाढवा!" बाबा इतके हसले की खोकला थांबेना. मी दाराशी उभी राहून श्वास मोजत होते.

दुसऱ्या आठवड्यात कोरा गठ्ठा निम्मा झाला. तीनशेवी चिठ्ठी लिहून झाली की बाबा जाणार, असं माझ्या मनानं घेतलं. कुणाला सांगणार? शाळेत मन लागेना. एकदा तालार्मिन स्वयंपाकघरात कॉफी घेत असताना मी डबा उघडला, दहाबारा लिहिलेल्या चिठ्ठ्या उचलल्या आणि एप्रनच्या खिशात कोंबल्या. घरी भूगोलाचा मोठा नकाशासंग्रह होता. त्यात लपवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा उघडला, चिठ्ठ्यांच्या कडांवरून बोट फिरवलं. मी पाव कापत होते. सुरी हातात तशीच थांबली.

"काका," ते म्हणाले, "कालचे दोराचे शब्द नीट लागले नाहीत. पुन्हा विचारू?"

"पुन्हा? तुझं डोकं आहे की फुटकं मडकं?"

पण दुसऱ्या दिवशी साडेतीनलाच, पोस्ट बंद व्हायच्या कितीतरी आधी, बाबांनी उशी मागवली, केस विंचरून घेतले.

मी चोरत राहिले, ते घरून आणलेल्या कागदांवर तेच क्रमांक घालून पुन्हा विचारत राहिले, आणि कोरा गठ्ठा हळूहळूच उतरत होता. नाताळ गेला, फेब्रुवारीची वादळं गेली. रोज सकाळी बाबांच्या खोलीत जाताना मी आधी दाराशी कान लावायची.

एप्रिलमध्ये एका सोमवारी बाबा गेले. दोराच्या गाठी चौथ्यांदा सांगून झाल्या होत्या. टेबलावर अजून एकोणतीस चिठ्ठ्या कोऱ्या होत्या.

दफन झाल्यावर मी नकाशासंग्रहातल्या चिठ्ठ्या घेऊन पोस्टात गेले आणि खिडकीतून आत सरकवल्या.

"मी चोरल्या होत्या."

"ठाऊक आहे, बाई. घरी गेल्या गेल्या मी रोज नक्कल उतरवून ठेवायचो. एकही शब्द गेलेला नाही."

"मग पुन्हा पुन्हा का विचारत होतात?"

त्यांनी मागे वळून पोस्टमास्तर ऐकत नाहीत ना ते पाहिलं. "सुताराकडे मी घाई केली होती. दोन दिवसांत सगळं उरकलं आणि तिसऱ्या दिवशी तो गेल्याची चर्चची घंटा वाजली. बायका काय म्हणतात ते मलाही ऐकू येतं. वाटलं, खरं असलं तर?" त्यांनी चिठ्ठ्या क्रमानं लावल्या.

त्यानंतरही ते घरोघर जात राहिले, पण कुठलंच घर त्यांनी लवकर संपवलं नाही. लोक त्यांना चेंगट म्हणू लागले. कोश दोनदा छापून निघाला. प्लगसाठीचा बाबांचा शब्द माझ्या नातवाच्या शाळेत शिकवतात.

तालार्मिन आता ब्याण्णव वर्षांचे आहेत, लान्निलिसच्या वृद्धाश्रमात असतात. डोळे गेल्यामुळे तिसऱ्या आवृत्तीची मुद्रितं दर गुरुवारी मी त्यांना वाचून दाखवते. अकरा पानं राहिली आहेत. गेले पाच गुरुवार ते मला त्यातलं पहिलंच पान पुन्हा वाचायला सांगतात, आणि मी वाचते.