निम्मी खोली

केजला आम्ही दोघींनी मिळून घेतलेल्या खोलीला एकच दार होतं आणि ते थेट रस्त्यावर उघडायचं. पुढं हातभर रुंद ओटा, ओट्याखाली गटार, गटाराच्या पलीकडं जीपवाल्यांचा थांबा. मागं पत्रा टाकलेली न्हाणी. अंगण नाही, परसू नाही. हे आधी सांगते, कारण सगळं भांडण त्याच्यावरूनच झालं. ज्या घरात बाजूला बसायला जागाच नाही, तिथं बाईनं महिन्याचे चार दिवस बाजूला बसायचं म्हणजे कुठं बसायचं?

माझं लग्न फार टिकलं नाही. मला भावाच्या घरी आणून सोडलं, परत न्यायला कुणी आलं नाही. भावाकडं मारझोड नव्हती. दर महिन्याला अडचण आली की गोठ्यात गोणपाटावर बसायचं, एवढंच. पण हळूहळू असं झालं की ते दिवस संपले तरी माझं अंथरूण गोठ्यातच राहायला लागलं. वहिनी म्हणायची, "आता कुठं उचलतीस? पुन्हा टाकायचंच हाय की." तिचं बोलणं गोड असायचं. मी गोठ्यात राहते असं कुणी म्हणत नव्हतं, पण मी राहत होते गोठ्यातच.

म्हणून मी कानातलं मोडून शिलाई मशीन घेतलं आणि केजला आले. एका कापडाच्या दुकानातून परकर शिवायला मिळायचे. दुकानात गेले तरी मी मान वर करून बोलत नसे. नोकर गठ्ठा देई, मी घेऊन येई.

एकट्या बाईला खोली कुणी देईना. ज्या काकूंची ही खोली होती त्यांचं शेजारीच किराणा दुकान होतं. त्या म्हणाल्या, "एकटीला देणार न्हाई. दोघी मिळून या, मग बघू." मग मला एक जोडीदारीण मिळाली. बालवाडीत शिकवायची. दहावी झालेली, नवरा वारलेला, माझ्यापेक्षा थोडी मोठी. मी तिला ताई म्हणायला लागले.

तहसीलसमोरच्या टपरीत करारनामा केला. काकू स्वतः स्टुलावर बसून एकेक अट सांगत होत्या. मटण नाही, अंडं नाही, पाहुणा पुरुष नाही. भाडं निम्मं निम्मं. आणि एक सोडून गेली तर करार मोडला, दुसरीनं पण खोली खाली करायची.

टाइप करणारा हसला. "काकू, ह्यांचं लगनच लावून द्यायलात का?"

"तू तुजं काम कर," काकू म्हणाल्या. "एक पळाली तर दुसरीला धरता यावं, म्हणून हाय ते."

ताईनं झरझर सही केली. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला वेळ लागला. पण सही मीच केली, अंगठा दिला नाही.

पहिले महिने बरे गेले. भाकऱ्या मी करायची, भाजी ती. एका कोपऱ्यात तिची देवळी, एका कोपऱ्यात माझं मशीन. ती तिच्या अडचणीत दुसऱ्या गल्लीतल्या मावशीकडं जायची आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन यायची. "तुला अडचण आली की सांग बाई," असं तिनं सुरुवातीलाच सांगितलं होतं. मी मान हलवली होती. पण सांगितलं कधीच नाही. आधी लाजेनं सांगितलं नाही, मग जाणूनबुजून सांगितलं नाही. त्याचं मला आजही काही वाटत नाही. सांगितलं असतं तर मला जायला मावशी कुठं होती?

एकदा तिनं तिचं लुगडं काढायला न्हाणीतली दोरी चाचपली आणि माझा ओला परकर उचलला. परकराखाली मी अडचणीच्या कापडाची घडी वाळत घातली होती.

"हे काय?"

मी परकर पुन्हा घडीवर ओढला.

"कवापासून?"

"काल."

"अन् सकाळच्या भाकऱ्या कुणी केल्या?"

"मी."

"अन् मागल्या महिन्यात?"

ती ओठ हलवत मागचा एकेक महिना आठवत गेली आणि मग खालीच बसली. "म्हणजे इतके दिवस मला बाटवायलीस तू. लोणच्याला बी हात लावलास?"

"लावला."

ती उठली, फळीवरची बरणी काढली, झाकण उघडून वास घेतला, दारात नेऊन उजेडात धरून पाहिली. लोणचं चांगलं खुटखुटीत होतं. एक बुरशीचा ठिपका नव्हता. त्याचा तिला जास्तच राग आला.

"उद्यापासून ओट्यावर बस," ती म्हणाली. "मी न्हाई का जात मावशीकडं? मी करते ते तुला करायला काय होतंय? नसल जमत तर मीच जाते खोली सोडून. मग जा तुज्या भावाकडं."

करारातली अट तिला चांगली पाठ होती. ती गेली की मीही बाहेर, आणि बाहेर म्हणजे गोठ्यात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर जाऊन बसले.

थांब्यावर जीपा भरत होत्या. अंबाजोगाई, अंबाजोगाई असं ओरडणं चालू होतं. एका पोराशोरानं नाही, चांगल्या बाप्या माणसानं मला विचारलं, "कावून बाहेर बसलात बाई? किल्ली हरवली का?" दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. "गप बे. किल्ली न्हाई हरवली." मग दोघं हसले. मग तिसऱ्याला सांगितलं, तोही वळून पाहून गेला. मी पदर ओढून गटाराकडं बघत बसले. माझ्या अंगात काय चाललंय ते आता अंबाजोगाईपर्यंत गेलं असणार.

थोड्या वेळानं दुकानातला नोकर कापलेल्या परकरांचा गठ्ठा घेऊन आला. रोज हातात द्यायचा. आज त्यानं मला पाहिलं, गठ्ठा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला टाकला आणि चपलेच्या टोकानं माझ्याकडं सरकवला. "संध्याकाळी पाहिजेत म्हणले शेठ," असं बोलून गेला.

मशीन आत होतं, मी बाहेर. गठ्ठ्यावर त्याच्या चपलेची माती होती. मला रडू नाही आलं. मला गोठ्याचा वास आला, ओल्या गोणपाटाचा, इतका खरा की मी इकडंतिकडं पाहिलं.

मग मी उठले. माती झटकली, गठ्ठा छातीशी धरला, उंबरा ओलांडून आत गेले आणि मशीनवर बसले. दार सताड उघडं ठेवलं. ज्याला बघायचं त्यानं बघावं.

ती बालवाडीतून आली तेव्हा निम्मे परकर झाले होते. ती उंबऱ्याशी थांबली. विटाळाच्या भीतीनं ती आत येईना.

"बाहेर ये."

मी पायडल मारत राहिले.

"तुला ऐकू येईना का? बाहेर ये म्हणायले मी."

थांब्यावरची माणसं आता तिच्याकडं बघत होती. ती ओट्यावर आणि मी आत. मी शिवण संपवली, दोरा दातानं तोडला. तेवढ्या वेळात मी मनात वाक्य जुळवून घेतलं, कारण मला आयत्या वेळी बोलता येत नाही.

"ताई, निम्मं भाडं मी देते. दर महिन्याला चार दिवस मी रस्त्यावर बसायचं, तर त्या चार दिवसांचं माजं भाडं तू भरायलीस का?"

जीपवाले खो खो हसले. एक म्हणाला, "बराबर हाय की बाईचं!" तिचं तोंड लाल झालं. ती तशीच काकूंकडं गेली.

तिला वाटलं काकू माझं सामान फेकतील. मलाही तेच वाटलं. काकू लिंगायत, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, सकाळी पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायच्या नाहीत. नुकत्याच कपिलधारच्या यात्रेला जाऊन आल्या होत्या. त्या आल्या, दोघींचं ऐकून घेतलं आणि उंबऱ्यावरच टेकल्या.

"आमच्यात गळ्यात लिंग हाय, तिला ह्याचा विटाळ न्हाई. मी त्या दिवसांतबी पूजा करत आले. माजी सासूबी करायची."

"ते तुमच्यात, काकू," ती म्हणाली. "आमच्यात हाय."

"आसंल की. मग तू पाळ."

"हिनं पाळायला नको?"

काकू माझ्याकडं वळल्या. "तू पाळतीस का?"

मी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यात बघून बोलले. "न्हाई. खोलीत पाळणार न्हाई."

"झालं तर," काकू उठल्या. "पण रस्त्यात तमाशा करायचा न्हाई. राहायचं तर दोघी राहा. न्हाई तर दोघी निघा. मला गिऱ्हाईक लई हायत."

म्हणजे काकूंनी माझी बाजू घेतली असं कुणी समजू नये. त्यांनी त्यांची खोली सांभाळली. माझं मलाच सांभाळायचं होतं.

ती मला म्हणाली, "अकरा महिन्यांचा करार हाय. संपू दे. मग मी दुसरी जोडीदारीण बघते."

मग दोन स्टो झाले, दोन तवे झाले. देवळीला तिनं जुन्या लुगड्याचा पडदा लावला. माझी सावली पडली की ती तिथून आपला पाट हलवायची. माझ्याशी बोलायची वेळ आली तर भिंतीशी बोलायची. "कुणीतरी घागर भरून ठेवावी," असं भिंतीला सांगायची, आणि मी भिंतीला सांगायची, "भरलीय."

पुढच्या महिन्यात अडचण आली तेव्हा मी तिच्या देखत फळीवरची बरणी काढली. ते लोणचं दोघींनी मिळून घातलं होतं, कैऱ्या मी फोडल्या होत्या. मी हात घातला, एक फोड काढली, भाकरीवर ठेवली आणि झाकण घट्ट लावून बरणी जागेवर ठेवली. ती बघत होती. त्या दिवसापासून तिनं त्या बरणीला हात लावला नाही. मी खात राहिले.

घडीही मी लपवायचं सोडलं. काकूंच्या गच्चीवर दोरी होती, तिथं उन्हात, दोन परकरांच्या मध्ये उघडी वाळत घालायला लागले. पहिल्या दिवशी जिना चढताना मी घडी पदराखाली धरली होती. पण त्याच घरात संध्याकाळी आम्ही सगळ्या केबलचा टीव्ही बघायला बसायचो आणि त्यात अडचणीच्या पॅडची जाहिरात लागायची. पांढरे कपडे घालून पोरी उड्या मारायच्या. काकूंची सून बांगड्यांशी खेळायची, माझी जोडीदारीण भिंतीवरचं कॅलेंडर बघायची. मी सरळ टीव्ही बघायची. साऱ्या गावाच्या घरात ही गोष्ट ओरडून सांगतात आणि माझं फडकं तेवढं अंधारात कुजायचं?

करार संपायला आला तेव्हा भावाकडनं निरोप आला. भाच्याचं जावळ होतं. मी दोन दिवसांसाठी गेले. नेमकी तेव्हाच मला अडचण होती. खोलीतून निघताना मी पिशवीत घड्या भरल्या त्या तिनं पाहिल्या आणि तोंड फिरवलं.

वहिनीनं मला दारातच अडवलं. "अडचण-बिडचण न्हाई ना बाई? घरात कार्य हाय."

नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. पण केजला जे मी उघड करत होते ते इथं येऊन लपवायचं माझ्या जिवावर आलं.

"हाय," मी म्हणाले.

तिनं गोठ्याकडं हात केला. माझं गोणपाट अजून त्याच खुंटीला होतं.

भाऊ म्हणाला, "जाऊ दे ना. दोन दिवसांचा तर प्रश्न हाय."

"मग दोन दिवस तू बस की दादा गोठ्यात."

मांडवातल्या बायका वळून बघायला लागल्या. माझ्या भावानं माझा एवढा आवाज जन्मात ऐकला नव्हता. भाच्यासाठी शिवलेलं झबलं मी ओसरीवर ठेवलं, पिशवी उचलली आणि फाट्यावर येऊन केजची जीप धरली. कुणी थांबवायला आलं नाही. आलं असतं तरी मी थांबले नसते.

दिवेलागणीला खोलीशी आले. दार लोटलेलं होतं. ती स्टोपुढं बसून भाकरी थापत होती. मला बघून हात थांबला. खूप दिवसांनी ती भिंतीशी न बोलता माझ्याशी बोलली.

"कावून आलीस? परवा येणार व्हतीस ना?"

"गोठ्यात बस म्हणले."

"मग?"

"आले."

तव्यावरची भाकरी फुगली. तिनं ती उलटली, खाली घेतली. तिला माहीत होतं मला काय आहे ते. तिनं स्टोचा जाळ बारीक केला. मी पाय धुऊन आले आणि माझ्या मशीनशी, माझ्या बाजूला बसले. माझा स्टो पेटवायला काडी काढली.

"राहू दे तो," ती म्हणाली. तिच्या ताटात भाकरी होती ती तिनं मोडली, निम्मी माझ्यापुढं सरकवली. मग उठली, फळीवरची बरणी काढली आणि आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली. स्वतः मात्र लोणचं घेतलं नाही.

"पडदा मी काढणार न्हाई," ती म्हणाली. "मावशीकडं बी जायची सोडणार न्हाई. माजं मला पटतं ते मी करणार."

"कर की. मी कुठं नको म्हणायले?"

"खा. गार होतीया."

मी खाल्लं. ती ताट घासायला न्हाणीत गेली आणि तिथून म्हणाली, "आता आलीसच तर उद्याच तहसीलला जाऊ. काकूंना मी सांगते, करार पुढं करायचाय. तुला सहीला लई येळ लागतो, लवकर ऊठ."

मी माझं अंथरूण काढलं आणि माझ्या निम्म्या खोलीत, बरोबर मधोमध घातलं.