किशनची भट्टी आणि माझा शब्द

किशन गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या उतरवून घेत होतो. पेरणीच्या तोंडावर आखाडा बाळापूरला बी-बियाण्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पलीकडून त्याचा धाकटा भाऊ बोलत होता, "वामनभाऊ, दादा गेला... भट्टीपाशी बसल्या बसल्या." मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि खुळ्यासारखं विचारलं, "भट्टी चालू होती काय?" चालू नव्हती. त्या दिवशी मागणीच नव्हती, नुसताच जाऊन बसला होता.

ही भट्टी कॉफीची. हळदीच्या मुलखात कॉफी कुठून आली, असं कुणीही विचारील. आम्हीही विचारलं होतं, आणि दात काढत विचारलं होतं. किशन माझा शाळेपासूनचा दोस्त. बरीच वर्षं बंगळूरला एका कॉफीच्या कंपनीत होता. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा बायकोला, सुनंदावहिनीला, आणि लेकीला घेऊन गावी परतला, शेती बघू लागला आणि वर हे खूळ घेऊन आला. फुटाणे भाजतात तसला ड्रम वेल्डरकडून बनवून घेतला, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत बसवला. कर्नाटकातल्या एकाच डोंगरावरच्या एकाच मळ्यातून कच्च्या बियांचं पोतं यायचं. दुसऱ्या मळ्याची एक बी त्यात चालायची नाही. "कुरुंद्याच्या हळदीत दुसरीकडची हळद मिसळली तर तिला कुरुंद्याची म्हणशील का?" असं तो मला विचारायचा. मी व्यापारी माणूस, मी म्हणायचो, म्हणेन की.

नांदेड, पुणे, कुठून कुठून मागणी यायची. मागणी आली की भट्टी पेटायची, त्याआधी नाही. एका गिऱ्हाइकानं फोनवर सांगितलं, थोडी आधीच भाजून ठेवत जा, म्हणजे लवकर मिळेल. त्याला किशननं असं झापलं की मीच ओशाळलो. "शिळी भाकर गोड लागती, शिळी कॉफी न्हाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य. स्वभावानं तापटच होता. ड्रममध्ये बिया लाह्यांसारख्या तडतडू लागल्या की कुणी शब्द काढायचा नाही, त्या आवाजावरून तो जाळ कमी करायचा. आणि मला मात्र ती काळी, कडू कॉफी कधी गिळवली नाही. पहिल्यांदा दिली तेव्हा मी साखर मागितली. त्यानं कपाळावर हात मारला, "वामन्या, तू आपला चहाच पी." तेव्हापासून मी गेलो की तो आधी स्वतःच्या हातानं मला आल्याचा चहा करून द्यायचा आणि मगच स्वतःची कॉफी ओतून घ्यायचा. असा माणूस...

दहाव्याला नदीकाठी सगळे जमलो. पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, पण खाली येईनात. ऊन असं की वाळूत पाय ठेवता येईना. भाऊ म्हणाला, वहिनीला काही कमी पडू देणार नाही. लेक रडत म्हणाली, मी शिक्षण सोडणार नाही. म्हाताऱ्या आत्यानं आणखी काय काय कबूल केलं. कावळा ढिम्म. लोक चुळबुळू लागले. माझ्या दुकानात बियाण्याची गाडी यायची होती आणि पोरगा एकटाच होता. मी पुढं झालो, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, "किशन, तुझी भट्टी मी बंद पडू देणार न्हाई. एकबी गिऱ्हाईक माघारी जाऊ देणार न्हाई."

कावळा उतरला.

"बघा, यातच जीव गुंतला व्हता," कुणीतरी म्हणालं. चारचौघांनी माझी पाठ थोपटली. वहिनींनी पदर डोळ्याला लावला. आणि मी, खोटं कशाला बोलू, मनात जरा फुगलोसुद्धा. गाडीच्या वेळेला दुकानात पोचलो.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. सुतक फिटल्यावर वहिनींचा फोन आला, "भाऊजी, दोन मागण्या आल्यात, कवा येता?" पेरणी होऊ द्या म्हणालो. मग खताची टंचाई निघाली, मग दुबार पेरणी. कारणांना काय तोटा, माझ्या दुकानात तीही भरपूर असतात. शेवटी एकदा गेलो. ड्रम फिरवला, तडतड ऐकू आली, जाळ कमी करायचा म्हणेपर्यंत बिया कोळशागत झाल्या. दुसरा घाणा जरा बरा वाटला, तो किशनच्याच पिशवीत भरून नांदेडच्या एका निवृत्त साहेबांना पाठवून दिला. आठवड्यानं त्यांचा फोन आला. मी शिव्या खायच्या तयारीनं उचलला. ते म्हणाले, "चव त्यांची नाही... पण तुम्ही चालू ठेवलंत, बरं वाटलं. पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवा." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

त्यानंतर ठरवलं, सांगून मोकळं व्हायचं. वहिनींकडे गेलो. वाटेत किशनचा भाऊ भेटला. त्याच्याकडून कळलं की मधे नांदेडचा एकजण ड्रम, पोतं, सगळी गिऱ्हाइकं असं मिळून विकत घ्यायला आला होता. चांगला माणूस होता, कामातला होता. वहिनींनी त्याला चहा पाजून परत पाठवला. आता त्यानं दुसरीकडे भट्टी घातली.

मी ओसरीवरच बसलो. म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मी... उन्हापायी आणि घाईपायी बोललो. मला यातलं काई येत न्हाई. तुमी त्या माणसाला काहून माघारी लावलं?"

वहिनी शेंगा फोडत होत्या. हात थांबला नाही.

"माहीत व्हतं भाऊजी. तुमी घडी घडी घड्याळ बघून राहिले व्हते, मी समोरच बसले व्हते की."

"मग?"

"मग काय. चार लोकांत बोलला व्हता तुमी. मी भट्टी विकली असती तर गावानं काय म्हणलं असतं, वामनभाऊचा शब्द कावळ्यापुरता व्हता म्हणून. तुमाला खोटं पाडायचं व्हय मी?"

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, उठल्या आणि पत्र्याच्या खोलीची किल्ली आणून माझ्यासमोर ठेवली.

आता दर मंगळवारी दुकान लवकर बंद करून जातो. बिया अजून कधी कच्च्या राहतात, कधी करपतात, नांदेडचे साहेब अजून मागवतात. त्या खोलीत किशनचा बसायचा लाकडी पाट आहे, भिंतीला टेकवलेला. वहिनी दर वेळी तो पुसून माझ्यासाठी मांडून ठेवतात. मी उभ्यानंच भाजतो.