रिकाम्या जागी ‘नाही’

मला रिकामी जागा बघवत नाही. फॉर्ममधला एखादा रकाना सुटलेला दिसला की हात शिवशिवतात. आई म्हणते, "तुले जरा बी दम नाही वं." माझ्या धंद्यात मात्र हा गुण समजतात, आणि मीही कित्येक वर्षं तसंच समजत होते.

मेहकरला एका कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत माझं ऑफिस आहे. खाली खतांच्या गोण्या, वर मी आणि दोन कॉम्प्युटर. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. पुण्याला गेले नाही म्हणून नातेवाईक हळहळतात, पण माझं इथं बरं चाललंय. निदान त्या दिवसापर्यंत तरी चाललं होतं.

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सात महिने सासरच्या गावातल्या दवाखान्यात तपासण्या, मग डोहाळजेवण उरकलं की बाई माहेरी. तिच्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत तपासण्यांची फाइल. ही फाइल पोचेल याचा काही भरवसा नाही. कुणाची एसटीत वरच्या फळीवर राहते, कुणाची सासू कपाटात इतकी सांभाळून ठेवते की कळा सुरू झाल्यावर आठवण येते. मग माहेरचे डॉक्टर पहिल्यापासून सगळं विचारत बसतात. म्हणून मेहकरचं एक प्रसूतिगृह, जिथले कॉम्प्युटर मी आधीपासूनच बघत होते, आणि मोताळ्याकडचं एक, या दोघांनी मला काम दिलं: बाई निघाली की तिची माहिती या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर गेली पाहिजे.

दोन्हीकडची सॉफ्टवेअर वेगळी, एकाचं दुसऱ्याला कळत नाही. अशा वेळी मध्ये एक्सएमएल लागतं. आईला मी ते तिच्याच फडताळावरून समजावलं होतं. तिच्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली असते, तीळ, जवस, ओवा. परक्या बाईनं स्वयंपाकघरात येऊन भाजी टाकायची म्हटली तरी अडत नाही. एक्सएमएलमध्येही प्रत्येक माहितीला चिठ्ठी लावायची. कोनी कंसात नाव लिहून डबा उघडायचा, आत माहिती ठेवायची, तेच नाव पुन्हा लिहून डबा बंद करायचा. वजन, रक्तगट, बीपी, ॲलर्जी. मोठ्या डब्यात छोटे डबे. पलीकडचं सॉफ्टवेअर चिठ्ठ्या वाचतं आणि आपापल्या जागी माहिती लावून घेतं. आई म्हणाली, "अन् डबा रिकामा असला तर?" मी हसले आणि म्हणाले, मग आणायला सांगायचं. किती शहाणी होते मी!

पहिल्याच आठवड्यात मोताळ्याकडून फायली परत यायला लागल्या. कारण एकच. मेहकरहून येणाऱ्या बऱ्याच फायलींत ॲलर्जीचा डबा रिकामा असायचा, आणि तिकडचं सॉफ्टवेअर रिकामा डबा घेत नव्हतं. त्यात काहीतरी असलंच पाहिजे असा त्यांचा नियम. मी मेहकरच्या काउंटरवर चौकशी केली. तिथं पन्नाशीच्या एक बाई बसतात, नाकावर चष्मा, तोंडात सुपारी. त्या म्हणाल्या, "राहते मॅडम रिकामं कधी कधी." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आळशीपणा नुसता! वाद घालण्यापेक्षा मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ टाकली. ॲलर्जीचा डबा रिकामा दिसला तर त्यात ‘नाही’ लिही. चहा निवायच्या आत काम झालं. फायली सुरळीत जायला लागल्या आणि दोन्ही डॉक्टरांनी माझं कौतुक केलं.

याला तीन महिने झाले असतील. दरम्यान माझी वहिनीच मोताळ्याकडं, धामणगाव बढ्याला माहेरी गेली. तिची फाइलही याच वाटेनं गेली. बाळ पायाळू होतं, म्हणून मोताळ्याकडच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस ठरवला. अकराची वेळ दिली होती. दादा सकाळच्या गाडीनं निघाला. आई घरी डिंकाचे लाडू वळत होती, संध्याकाळी आम्ही दोघी जाणार होतो.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी काउंटरवर प्रिंटर बघायला गेले होते. शेजारी एक सून तिच्या सासूसोबत उभी होती. काउंटरवरच्या बाई विचारत होत्या आणि सासू धडाधड उत्तरं देत होती. सून पदराच्या टोकाशी चाळा करत खाली बघत होती. ॲलर्जीचं विचारल्यावर सासू म्हणाली, "काही नाही वो तिले, दगड पचवते." बाईंनी मान हलवली आणि तो रकाना तसाच सोडला.

मी सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. "अहो, त्या ‘नाही’ म्हणाल्या ना? मग लिहीत का नाही तुम्ही?"

बाईंनी सासूला पावती करायला पलीकडं पाठवलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, ते सासूनं सांगतलं. सुनेनं कुठं सांगतलं? सासूले काय माहीत, लहानपणी तिले कोणती सुई बाधली ते? आमी सुनेले वजनकाट्यावर नेतो, तिथं सासूले येऊ देत नाही. तिथं इचारतो अन् मंग भरतो. कोणाची सासू सोडतच नाही, तिचं तसंच राहते. रिकामं म्हंजे सुनेले अजून इचारायचं हाय."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी तर रागावून गेल्या."

रिकामा डबा रिकामा नव्हताच. त्या बाईंनी वीस वर्षांच्या नोकरीत शोधून काढलेली ती खूण होती, आणि मी तिच्यावर ‘नाही’ लिहून मोकळी झाले होते. मग मला एकदम आठवलं. वहिनीच्या पहिल्या तपासणीला आई सोबत होती. मीही होते. याच काउंटरला टेकून मोबाइल बघत होते.

"आमच्या वहिनीचं भरलं होतं का हो तुम्ही नंतर?"

बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. म्हणाल्या, "तुमच्या आईनंच सांगतलं सारं. तुमी बी होत्या सोबत. मॅडमच्या घरची सून, तिले बाजूले कसं नेऊ? मले वाटलं, तुमी घरी इचारून भरसान."

मी तिथंच लॅपटॉप उघडला. वहिनीची गेलेली फाइल काढली. ॲलर्जीचा डबा, आत माझं ‘नाही’, डबा बंद. दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

यापुढं जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी फाइल दुरुस्त करत बसले. ती ओळ काढली, ‘विचारलेलं नाही’ असं लिहिलं, फाइल पुन्हा पाठवली. मोताळ्याकडून लगेच परत, त्यांच्या यादीत हे उत्तरच नव्हतं. मग ‘माहीत नाही’ लिहून पाठवलं. ते गेलं. हुश्श केलं आणि मग लक्षात आलं की तिकडचं सॉफ्टवेअर स्वीकारलेली फाइल पेशंटच्या नोंदीत फक्त तासाच्या ठोक्याला लावतं. पुढचा ठोका अकराचा. शिवाय ऑपरेशनच्या खोलीत कॉम्प्युटर नाही, तिथं छापलेला कागद जातो, आणि तो सकाळीच गेलेला.

मी आईला फोन लावला. "आई, वहिनीला कशाची ॲलर्जी आहे का?"

"मले काय माहीत?"

"तू काउंटरवर ‘नाही’ सांगितलंस ना?"

"मंग काय सांगू? आपल्या सुनेले रोग हाय म्हणू?" मग तिला माझा आवाज कळला असावा. "काय झालं वं?"

मी सांगितलं. फाइल दुरुस्त केली, अकराला पोचेल, हेही सांगितलं.

"अन् फाइल काय करून राह्यली वं तू! फोन लाव ना तिच्या मायले!"

इतकी साधी गोष्ट, आणि ती लाडू वळणाऱ्या बाईला सुचली. आधी दवाखान्याचा नंबर लावला, लागेना. दादाला लावला, तो बहुधा राजूर घाटात होता, रेंज नव्हती. मग वहिनीचा नंबर. तिचा फोन तिच्या आईच्या पिशवीत असणार. पहिल्यांदा वाजून बंद झाला. दुसऱ्यांदाही. काउंटरवरच्या बाई माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या होत्या, काउंटरपुढं रांग लागली होती. साडेदहा होऊन गेले. मी मनातल्या मनात नको नको ते बघत होते. तिसऱ्यांदा वहिनीच्या आईनं उचलला.

"काकू, वहिनीला लहानपणी कधी इंजेक्शन बाधलं होतं का?"

"हाव ना. नववीत होती तवा. पायात काटा रुतून पाय पिकला होता. गावच्या डाक्टरनं सुई देल्ली अन् पोरीचं तोंड असं सुजलं, दमच घेता येईना. जीपमधी टाकून बुलढाण्याले नेलं. तवापासून ती सुई तिले चालत नाही. चिठ्ठी हाय ना घरी पेटीत. काऊन?"

"वहिनी कुठं आहे?"

"आत्ताच आत नेलं."

मी ओरडले. खरंच ओरडले, सगळा दवाखाना माझ्याकडं बघायला लागला. "काकू, दार वाजवा! फोन सिस्टरच्या हातात द्या! कुणी अडवलं तरी थांबू नका!"

चपलांचा आवाज ऐकू आला, मग दारावर थापा, मग कुणीतरी रागावलं. काकूंचा आवाज चढला. एवढ्या मऊ बाईचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग एक सिस्टर फोनवर आली, वैतागलेली. मी धापा टाकत सांगितलं.

"अहो, कागदावर ‘नाही’ आहे. अन् आम्ही पेशंटला विचारलंय, ती पण नाहीच म्हणाली."

"ते ‘नाही’ मी लिहिलंय. चूक माझी आहे. तिच्या आईला विचारा, समोर उभी आहे."

फोन चालूच राहिला. दूरवर काकू काट्याची, सुजलेल्या तोंडाची, जीपची गोष्ट सांगत होत्या. मग सिस्टर आत कुणाला तरी म्हणाली, "सर, ते भरलेलं इंजेक्शन राहू द्या. दुसरं घ्यावं लागेल." आणि फोन कट झाला.

मी खुर्चीत बसले आणि रडले. काउंटरवरच्या बाईंनी पाणी दिलं.

बारा वाजता दादाचा फोन आला. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. त्याला काहीच माहीत नव्हतं.

संध्याकाळी आई आणि मी पोचलो. वहिनी पडून होती, बाळ काकूंच्या मांडीवर. आईनं लाडवांचा डबा ठेवला आणि खाटेच्या पायथ्याशी बसली. मी आल्या आल्या माफी मागायची ठरवलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. "सिस्टरनं विचारलं तेव्हा तू ‘नाही’ का म्हणालीस?"

वहिनीनं मान माझ्याकडं वळवली. "तिच्या हातात कागद होता ताई. तिनं आधी कागद पाह्यला अन् मंग मले म्हणे, काही ॲलर्जी नाही ना? मले दिसलं, मेहकरून आलेला कागद होता. ते तर तुमचं काम. मले वाटलं ताईनं लिहिलं, म्हंजे पाहूनच लिहिलं असन. ती सुई आता बंद झाली असन, नाहीतर डाक्टरले माहीत असन. मी काय बोलू मधात?"

दीड वर्ष ती माझ्याच घरात होती. मी जेवायला बसले की गरम भाकर वाढायची. एवढ्या दिवसांत मी तिला मीठ बरोबर आहे का याच्यापलीकडं काही विचारलं नव्हतं. शरमेनं मला तिच्याकडं बघवेना.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "ती ओळ काढून टाकलीय. आता ज्या बायकांच्या फायली तशा गेल्यात, त्या सगळ्यांना एकेकीला फोन करणार आहे. तुझ्यापासून सुरू करते. पहिल्यापासून विचारते."

मी पर्समधून डायरी काढली, कोरं पान उघडलं आणि तिच्या जवळ स्टूल ओढलं. "सांग. कोणतं औषध, कोणतं खाणं, काहीही. तुला काय चालत नाही?"

वहिनीनं तोंड उघडलं, आणि सवयीनं तिची नजर आधी माझ्या आईकडं गेली.

आईनं ते पाहिलं. ती उठली, पदर सावरला, बाहेर गेली आणि मागं दार लावून घेतलं.