एक लाख एक पानं

बेलाचं पान चुरगाळलं की त्या वासासरशी मी लातूरकडच्या आमच्या गावात पोचतो. जिल्हा नुकता झालेला, दुष्काळाचं दुसरं वर्ष, अन मी आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. गल्लीनं महादेवाला एक लाख एक पानं बोलली होती. दहा घरच्या बायका दहा-दहा हजार मोजणार, वरचं एक पुजारी वाहणार. अकरावं घर आमचं. आई विधवा म्हणून वगळलेली. मी तिचा वाटा मागितला तर पुजारी आप्पा हसले, "बीयस्सी, वर एक असला की वाटणी होत न्हाई." चिंचेखाली ऊन पेंगत होतं. मी धुळीत बोटानं आकडा लिहून भागत गेलो. "खरंय आप्पा, सातानं न्हाई, नवानं न्हाई, दहानं बी न्हाई. भाग जातो तो अकरानंच. घरटी नऊ हजार एक्क्याण्णव, बाकी शून्य." शेजारची काकू म्हणाली, "हाव की! मग हिला कसं सोडायचं?" काकूनं पानांची पाटी आईपुढं सरकवली. पाऊस कधी आला ते आता आठवत नाही. दिसते ती आई, ओठ हलवत विसाविसानं पानं मोजणारी, अन कुणी हाक मारली तरी मान वर न करणारी.